सक्तीची रजा मिळाली आणि दिवसाची घडीच मोडली

दुहेरी_किल्ली | गुरुवार, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचतो आहे, लिहितोय आज पहिल्यांदाच.

मी साताऱ्यात एका बँकेच्या करन्सी चेस्टमध्ये, म्हणजे रिझर्व्ह बँकेची रोकड ठेवतात त्या तिजोरीत, कामाला आहे. चेस्टच्या दोन किल्ल्या दोघांकडे असतात. दोघंही हजर असल्याशिवाय तिजोरी उघडत नाही, बंदही होत नाही. त्यातली एक गेली चार वर्षं माझ्याकडे आहे. सकाळी उघडायची, दिवसभर शाखांना रोकड द्यायची-घ्यायची, मळक्या-फाटक्या नोटांची छाननी, मधूनच रिझर्व्ह बँकेचा रेमिटन्स, म्हणजे तिकडून आलेली रोकड. संध्याकाळी मेळ. एका नोटेचा जरी फरक आला तरी पुन्हा पहिल्यापासून मोजणी. दिवसाचे आकडे त्याच दिवशी वर कळवायचे आणि मग घर.

गेल्या शनिवारी मेळ झाल्यावर साहेबांनी हातात पत्र ठेवलं. सोमवारपासून रजा. आम्हाला हे नवं नाही. संवेदनशील जागेवरच्या माणसाला वर्षातून एकदा, आधी न सांगता, सलग किमान कामाचे १० दिवस रजेवर पाठवायचं, असा रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे. २०२१च्या परिपत्रकानुसार त्या काळात कामाशी संबंधित कशालाही हात लावता येत नाही. सर्वांना असते ती साधी ऑफिसची ईमेल तेवढी चालते. किल्लीचा चार्ज दिला, सह्या केल्या, घरी आलो.

आज चौथा दिवस आहे आणि माझं काहीतरी बिनसलंय.

पहिल्या दिवशी सवयीने साडेपाचला जाग आली. आज सुट्टी आहे म्हणून पुन्हा डोळे मिटले, ते थेट साडेआठला उघडले. पत्नी शिक्षिका आहे, शाळा सकाळची. ती पावणेसातलाच गेलेली. घरात आई आणि मी. कपाट आवरायचं, फोटो लावायचे, आईला डोळे तपासायला न्यायचं, पावसात यवतेश्वरला जाऊन यायचं, सगळं मनात होतं. यातलं एकही झालं नाही. रात्री मोबाइल बघत दीड वाजतो, सकाळी नऊ-साडेनऊला उठतो, अंघोळ बारानंतर. दुपारी झोपतो आणि उठल्यावर डोकं जड. मंगळवारपासून डोकं सतत ठणकतंय. काल आईने तीनदा जेवायला हाक मारली म्हणून मी तिच्यावर खेकसलो. ती काही न बोलता आत गेली. ते रात्रभर डोक्यातून गेलं नाही.

आणि दिवसातून दहा वेळा हात खिशाकडे जातो, किल्ली आहे ना बघायला. नसते. छातीत धस्स होतं. मग आठवतं.

मंगळवारी न राहवून जोडीदार किल्लीदाराला फोन केला, रेमिटन्स नीट उतरला ना विचारायला. तो म्हणाला, "साहेब, तुम्ही रजेवर आहात. मी सांगू शकत नाही, तुम्ही विचारूही नका." बरोबरच होतं त्याचं. पण फोन ठेवल्यावर फार एकटं वाटलं.

वर्षभर मी या सुट्टीची वाट बघत होतो. मग ती अंगाला का लागत नाहीये? कुणाला असा अनुभव आहे का?

---

पांघरूण | गुरुवार, रात्री ११.५८

दादा, झोपा. मनापासून सांगतोय. चार वर्षं साडेपाचला उठताय, शरीर थकलेलं आहे, ते मागतंय तेवढी झोप त्याला द्या. सुट्टीतसुद्धा वेळापत्रक पाळायचं तर सुट्टी कशाला म्हणायची? कपाट नाही आवरलं तर कुणाचं काय अडलं?

---

बारा_ते_चार | शुक्रवार, पहाटे ३.२०

माझ्या प्रतिसादाची वेळ बघा, म्हणजे मी कोण ते कळेल. मर्चंट नेव्हीत सेकंड ऑफिसर आहे, सध्या रत्नागिरीला घरी. जहाजावर माझा वॉच, म्हणजे पहाऱ्याची पाळी, रात्री १२ ते ४ आणि दुपारी १२ ते ४. सहा-सात महिने हेच. घरी आल्यावर अंगातला वॉच सुटायला वेळ लागतो. पूर्वी तर तो संपूर्ण सुट्टीत सुटायचा नाही. सगळे झोपलेले असायचे, मी अंगणात फेऱ्या मारत असायचो, आणि दिवसा लेक खेळायला बोलवायची तेव्हा माझे डोळे मिटत असायचे. तीन महिन्यांची रजा अशी गेली आणि परत जहाजावर चढताना जाणवलं की आपण लेकीला धड भेटलोच नाही. त्यानंतर मी बदललो.

पांघरूण म्हणतात ते पहिल्या दोन-तीन दिवसांपुरतं खरं आहे. थकवा असेल तर झोपून घ्यावं. पण त्यानंतरची झोप थकव्याची नसते. दुहेरी_किल्ली, तुम्ही रात्री दीडला झोपून नऊला उठताय. तेवढेच तास, फक्त तीन-साडेतीन तास पुढे सरकलेले. आम्ही पश्चिमेकडे जाताना घड्याळं एकेक तास मागे घेतो तेव्हा अंगाचं जे होतं, तेच तुमचं घरबसल्या चाललंय.

मी आता घरी आल्यावर एकच करतो. तिसऱ्या दिवसापासून सकाळी साडेसहाला मिरकरवाड्याला मासळी आणायला जातो. मासळी नको असली तरी जातो. एवढं एक सांभाळलं की बाकीचा दिवस कसाही गेला तरी चालतो. आज जाग आहे कारण घरी येऊन दुसराच दिवस आहे.

---

नाडी | शुक्रवार, सकाळी ७.१५

जनरल प्रॅक्टिस करते, म्हणून आधी डोकेदुखीचं विचारते. ऑफिसात दिवसाला किती चहा होतात आणि घरी किती?

---

दुहेरी_किल्ली | शुक्रवार, सकाळी ९.५०

डॉक्टर, ऑफिसात सहा तरी होतात. मोजणी सुरू असली की जास्तच. घरी दोन. आई तिसरा देत नाही.

---

नाडी | शुक्रवार, दुपारी १.४०

मग बहुधा उत्तर इथेच आहे. रोजचं कॅफीन एकदम कमी झालं की साधारण १२ ते २४ तासांत डोकं धरतं, पहिल्या दोन दिवसांत सगळ्यात जास्त दुखतं, आणि पूर्ण थांबायला कधी आठवडाही लागतो. सोबत चिडचिड, सुस्ती, कशातच लक्ष न लागणं. तुमचे दिवस मोजून बघा, जुळतात. आईंवर चिडलात त्याचं सगळं खापर चहावर फोडू नका, पण थोडा वाटा त्याचा असू शकतो. हवं तर चार कपांवर या आणि दर दोन दिवसांनी एकेक कमी करा. संध्याकाळी पाचनंतर मात्र नको. दुखणं वाढलं, उलट्या झाल्या किंवा नजर अंधुक वाटली तर वाट न बघता दाखवून घ्या. आईंचे डोळे तपासायला जाणारच आहात तर तुमचं बीपीही मोजा.

आता झोप. माणसाच्या शरीरातलं घड्याळ सरासरी २४ तासांपेक्षा किंचित लांब असतं, साधारण १०-१२ मिनिटांनी. रोज सकाळचा उजेड त्याला मागे ओढून जागेवर आणतो. हे घड्याळ पेशींच्या आत कसं चालतं ते शोधणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना २०१७चं वैद्यकाचं नोबेल मिळालं. तुम्ही सकाळचा उजेड बंद केलात, रात्री मोबाइलचा वाढवलात, म्हणून घड्याळ पुढे घसरत चाललंय. पावसाचं आभाळ आहे म्हणून बाहेर उजेड नाही असं समजू नका. घरात ट्यूबलाइटखाली शे-तीनशे लक्स (उजेडाचं माप) उजेड असतो, ढगाळ आभाळाखालीसुद्धा हजारांत. छत्री घेऊन अर्धा तास चाला. आणि झोपायची वेळ ठरवण्याआधी उठायची वेळ पक्की करा. झोप आपोआप मागून येते.

---

पांघरूण | शुक्रवार, दुपारी २.०५

डॉक्टरताई, चहाचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. माझा पहिला सल्ला अर्धा मागे घेतो. उरलेला अर्धा ठेवतो, कारण सुट्टीत कामांची यादी करून ती पुरी झाली नाही म्हणून झुरणारी माणसं माझ्या घरातच आहेत.

---

मोळी | शुक्रवार, रात्री ८.३०

मी वाळवा तालुक्यातला, साखर कारखान्यात बॉयलिंग हाउसला हंगामी कामगार. आमच्यासाठी ही रजा दहा दिवसांची नसते. मोळी पडते, म्हणजे गाळप सुरू होतं, दिवाळीच्या आसपास आणि पट्टा पडतो, म्हणजे गाळप संपतं, मार्च-एप्रिलला. तेवढे महिने तीन पाळ्या. नंतर ऑफ सीझन, म्हणजे थेट पुढच्या मोळीपर्यंत घरी. रिटेन्शनचे, म्हणजे पुढच्या हंगामासाठी धरून ठेवल्याचे, पैसे मिळतात, पण काम नसतं.

पहिल्या वर्षी माझं फार वाईट झालं. हंगामात भोंगा दिवस ठरवतो. गावातल्या बायकासुद्धा भोंग्यावर स्वयंपाक करतात. भोंगा थांबला आणि मला भूक कधी लागते तेच कळेना. चौकात बसायला लागलो. चौकात बसणारे आणखी होतेच. तिथून पुढे काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे, मी त्या वाटेला दोन वर्षं होतो.

वडिलांनी एकदा जवळ बसवून सांगितलं, कारखाना बंद झालाय, सकाळ बंद झालेली नाही. त्यांनी म्हशीची धार माझ्याकडे दिली. म्हैस पाच वाजता ओरडतेच, तिला हंगाम संपलेला कळत नाही. बारा वर्षं झाली. म्हैस बदलली, वेळ तीच आहे.

दादा, तुमच्या घरी म्हैस नसेल. पण तुमच्यावाचून ज्याचं अडेल असं काहीतरी सकाळी असू द्या. स्वतःसाठी उठायचं म्हटलं की माणूस उठत नाही, हे मी स्वतःवरून सांगतो.

---

ओवा | शुक्रवार, रात्री ९.१०

मोळीदादा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

धागाकर्त्यांना एक विचारू का? राग मानू नका. पत्नी पावणेसातला शाळेत जातात म्हणजे उठतात किती वाजता? पोळीभाजी, तुमच्या आईंचा चहा, तुमचं दुपारचं जेवण, हे सगळं करूनच जात असणार. तुम्ही "काही झालं नाही" म्हणताय त्या चारही दिवशी हे झालेलं आहे.

मी नाशिकला सरकारी कार्यालयात आहे. मी रजा टाकते तेव्हा पडदे धुतले जातात, डाळी-तांदूळ उन्हात पडतात, माळा आवरला जातो. रजा संपली की ऑफिसात जाऊन बसल्यावर जरा विसावा मिळतो. हे माझ्या एकटीचं नाही. सरकारच्या २०२४च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांची ८८. बायकांचे जवळजवळ पाच तास. ते रजेच्या दिवशीही सुटत नाहीत. म्हणून "रजेत वेळ कसा घालवू" हा प्रश्न मला कधी पडला नाही. पडावा अशी फार इच्छा आहे.

तुम्ही वाईट आहात असं म्हणत नाही. आईवर ओरडल्याचं तुम्हाला रात्रभर लागलं, ते वाचून बरंच वाटलं. पण मोळीदादा म्हणतात ती म्हैस तुमच्या स्वयंपाकघरातच उभी आहे, असं मला वाटतं.

---

निवृत्त_तपासनीस | शनिवार, सकाळी ६.३०

ओवाताईंच्या प्रतिसादानंतर बोलणं अवघड आहे, पण एक राहिलेलं बोलतो. ३१ वर्षं बँकेत, त्यातली ११ तपासणी खात्यात काढली.

दुहेरी_किल्ली, तुम्ही लिहिलं नाहीत, पण वाचताना जाणवलं. अचानक हातातून किल्ली काढून घेतात तेव्हा आपल्यावर संशय घेतलाय असं वाटतं. मलाही वाटलं होतं. अपहार झाकून ठेवायला माणसाला रोज जागेवर हजर राहावं लागतं, आजची खोट उद्याच्या नोंदीत लपवावी लागते. तो दहा दिवस नसला आणि दुसरा बसला की उघडं पडतं. एवढाच हेतू आहे. नियम सगळ्यांना सारखा आहे, म्हणून प्रामाणिक माणसावर डाग येत नाही. उलट दहा दिवसांनी मेळ जसाच्या तसा निघाला की तुमच्या चार वर्षांच्या कामाची साक्ष मिळते.

खिशात हात जाणं मात्र लवकर जात नाही. मी निवृत्त झाल्यावर सहा महिने जात होता.

---

दुहेरी_किल्ली | शनिवार, रात्री १०.०५

सगळे प्रतिसाद वाचले. काहींना उत्तर द्यायला शब्द सापडत नाहीत.

तपासनीस काका, तुम्ही न लिहिलेलं वाचलंत. हो, तेच सलत होतं. चार वर्षांत एकदाही फरक आला नाही, तरी पत्र हातात पडल्यावर घरी येताना मोती चौकात कुणी ओळखीचं भेटू नये असं वाटत होतं. पत्नीलाही नीट सांगितलं नव्हतं. काल सांगितलं.

ओवाताई, राग कसला. पत्नी पावणेपाचला उठते. मला माहीत होतं, पण माहीत असणं आणि पावणेपाचला तिच्यासोबत स्वयंपाकघरात उभं राहणं यात फार अंतर आहे. ते आज सकाळी कळलं. मला पोळ्या येत नाहीत. भाजी चिरली, चहा केला, आईला दिला, डबे भरले. सव्वासहाला ती खुर्चीत बसून चहा प्यायली. म्हणाली, शाळेच्या दिवशी बसून चहा कधी प्यायले होते आठवत नाही.

ती गेल्यावर छत्री घेऊन टेकडीवरच्या 'चार भिंती' स्मारकापर्यंत चढून आलो. अजिंक्यतारा किल्ला पूर्ण ढगात होता. चहा चारवर आणलाय. डोकं दुखतंय, पण कालच्यापेक्षा कमी.

आईची माफी मागितली. ती म्हणाली, "अरे, तुझे वडील पण सुट्टीत असेच करायचे."

---

नेकारकाठ | रविवार, रात्री २.१५

श्टुटगार्टहून लिहितोय, त्यामुळे वेळ विचित्र दिसेल. इथे १३ वर्षं झाली.

जर्मनीत सलग रजा कायद्यातच आहे. आठवड्याला पाच दिवस काम करणाऱ्याला वर्षाला किमान २० दिवस, आणि त्यातला एक तुकडा सलग दोन आठवड्यांचा असायला हवा. रजेत आजारी पडलात आणि डॉक्टरचा दाखला असला तर ते दिवस रजेतून कापत नाहीत. मला सुरुवातीला हे विचित्र वाटायचं. मी पहिली दोन वर्षं रजा तुकड्या-तुकड्यांत घ्यायचो आणि दरवेळी दुसऱ्या दिवशी आजारी पडायचो. सर्दी, अंगदुखी. नेदरलँड्समधले मानसशास्त्रज्ञ फिंगरहुट्स यांनी सुट्टी लागली की आजारी पडणाऱ्या माणसांवर २००२मध्ये लिहिलंय, तेव्हा कळलं की आपण एकटे नाही.

मला सगळ्यात उपयोगी पडलं ते नेदरलँड्समधलंच दुसरं काम, २०१३चं. लांब सुट्टीवर गेलेल्या ५४ नोकरदारांना सुट्टीच्या आधी, सुट्टीत आणि नंतर कसं वाटतं ते विचारत गेले. सगळ्यात बरं वाटण्याचा दिवस साधारण आठवा निघाला. कामावर परतल्यावर आठवड्याभरात ते सगळं ओसरलंही. छोटा अभ्यास आहे, त्यावर फार इमारत बांधू नये. पण दुहेरी_किल्लीदादा, तुम्ही चौथ्या दिवशी "सुट्टी अंगाला लागत नाही" लिहिलंत. चौथ्या दिवशी ती लागायचीच नव्हती कदाचित.

---

पांघरूण | रविवार, सकाळी ११.००

आठव्या दिवसाचं वाचून हायसं वाटलं. मला वर्षातून सलग चार दिवसांच्या वर रजा कधी मिळालेलीच नाही. म्हणजे मी नेहमी वाईट दिवसांतच परत जातोय. यंदा मागून बघतो.

---

दुहेरी_किल्ली | मंगळवार, रात्री ९.३०

आज कामाचा सातवा दिवस झाला असता. रविवार आणि दुसरा शनिवार धरला तर रजेचा नववा.

काल आईचे डोळे दाखवले. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय, ऑपरेशन दिवाळीआधी करायचं ठरलं. माझं बीपी १३८/८८. डॉक्टर म्हणाले, महिन्याभराने पुन्हा मोजू, मीठ जपा. डोकेदुखी रविवारपासून नाही.

सकाळ बरी जातेय. पण दुपार अजून अंगावर येते. साडेचार वाजले की ती मेळाची वेळ, पोटात गोळा येतो. काही चुकल्यासारखं वाटतं. यावर कुणी काही करतं का?

---

बारा_ते_चार | मंगळवार, रात्री १०.१०

आमच्याकडे वॉच संपताना लॉगबुक लिहून खाली उतरतात. जे पाहिलं, जे बाकी आहे, ते पुढच्याला सांगायचं आणि जागा सोडायची. ते केल्याशिवाय झोप लागत नाही. घरीही मी संध्याकाळी वहीत चार ओळी लिहितो. आज काय झालं, उद्या काय आहे. तुमच्या साडेचारला मेळच हवाय, तर दिवसाचा मेळ लावा.

---

मोळी | मंगळवार, रात्री १०.४०

साडेचारला घराबाहेर पडा. ती वेळ घरात बसून काढायची नाही.

---

नाडी | बुधवार, सकाळी ७.४०

दोन्ही करा. आणि इथे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी एक लिहून ठेवते, कारण अशा धाग्यांवर गप्प राहून वाचणारे जास्त असतात. सुट्टीत आठवडाभर घडी मोडणं वेगळं. पण दोन आठवड्यांहून जास्त दिवस, बहुतेक वेळ मन उदास, कशातच रस नाही, झोप-भूक बिघडलेली, किंवा जगण्याचाच कंटाळा आलाय असं असेल तर ते सुट्टीचं दुखणं नव्हे. डॉक्टरांना भेटा. टेली-मानसचा सरकारी क्रमांक १४४१६ आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. जगण्याचाच कंटाळा आला असेल तर दोन आठवडे मोजत बसू नका, त्याच दिवशी बोला.

---

ओवा | बुधवार, रात्री ९.५५

मी शुक्रवारी एक दिवस रजा टाकली आहे. पडदे धुणार नाही असं घरी सांगितलं. नवऱ्याने विचारलं, मग करणार काय? मला सांगता आलं नाही. तरी टाकली आहे.

---

दुहेरी_किल्ली | शुक्रवार, रात्री ८.५०

उद्या तिसरा शनिवार, कामाचा. नऊला हजर व्हायचं आहे. किल्लीचा चार्ज परत घ्यायचा, साठा मोजून सह्या करायच्या.

गेले तीन दिवस साडेचारला आईला घेऊन राजवाड्यापर्यंत जातो. ती हळू चालते, मध्ये दोनदा बसते. तिला डाव्या डोळ्याने बरं दिसतं म्हणून मी उजव्या बाजूने चालतो. परवा बसल्या बसल्या तिने वडिलांचं सांगितलं. ते एसटीत मेकॅनिक होते. सुट्टीच्या दिवशी सकाळपासून नुसते येरझाऱ्या घालायचे, आणि मग ती त्यांना निवडायला तांदूळ द्यायची. खडे नसले तरी द्यायची. मी लहानपणी त्यांना तांदूळ निवडताना पाहिलंय. ते का निवडतात हे मला आज, सत्तेचाळिसाव्या वर्षी कळलं.

कपाट आवरलं नाही. फोटो तसेच आहेत. यवतेश्वरला जाणं झालं नाही, पाऊस फार होता.

ओवाताई, आज तुमची रजा कशी गेली ते लिहा, वाट बघतोय.

पत्नीची शाळा उद्याही सकाळचीच. गवार मोडून ठेवली आहे, गजर पावणेपाचचा लावलाय. माझी पोळी अजून गोल येत नाही, पण फुगते.